हरण्याच्या हंगामात कोण उरते?

न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाच्या नावावर २७ अजिंक्यपदे आहेत. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये त्यांच्या खालोखाल सेंट लुईस कार्डिनल्स, त्यांची ११. अंतर एवढे असले की जिंकणाऱ्याच्या चाहत्यांवरचा आरोप ठरलेला असतो : हे लोक माजले आहेत. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते : हा माज नाही, ही निष्ठा आहे आणि मिरवण्यासारखे काही नसलेल्यांना ती खुपते. वाद जुना आहे. ‘डॅम यँकीज’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आले ते १९५५ मध्ये. त्यात वॉशिंग्टनच्या संघाचा एक चाहता यँकीजना एकदा तरी नमवता यावे म्हणून थेट सैतानाशी सौदा करतो. प्रेक्षकांना त्यात अतिशयोक्ती वाटली असेल, अन्याय वाटला नाही. सत्तर वर्षांनंतरही हा वाद मिटलेला नाही, याचे कारण दोन्ही बाजूंकडे भक्कम पुरावा आहे आणि तो बहुतेक वेळा एकाच मैदानावर सापडतो.

२९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्रीचा पुरावा आरोप करणाऱ्यांच्या बाजूचा. यँकी स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगचा अजिंक्य ठरवणाऱ्या अंतिम मालिकेचा, चौथा सामना सुरू होता. लॉस एंजलिस डॉजर्सच्या मूकी बेट्सने पहिल्याच डावात कुंपणाला खेटून उडी मारली आणि झेल घेतला. पहिल्या रांगेतल्या दोघा यँकीज समर्थकांनी त्याचा हात धरून ग्लोव्हमधला चेंडू उपसून काढला. पंचांनी फलंदाजाला बाद दिले, दोघांना मैदानाबाहेर काढण्यात आले आणि पुढे मेजर लीगने त्यांच्यावर सर्वच मैदानांवर बेमुदत बंदी घातली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की यँकीज त्या वेळी मालिकेत ०-३ असे मागे होते. त्या रात्रीच्या ताठ्याला त्या रात्रीच्या विजयाचा आधार नव्हता. तो होता भिंतीवर लटकणाऱ्या २७ झेंड्यांचा.

दुसरा पुरावा १ नोव्हेंबर २००१ चा. जुन्या यँकी स्टेडियमवर ॲरिझोनाविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. नववा डाव सुरू झाला तेव्हा यँकीज ०-२ असे पिछाडीवर होते. उजव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला उभा असलेला पॉल ओ’नील या हंगामानंतर निवृत्त होणार हे सर्वांना ठाऊक होते, घरच्या मैदानावरचा त्याचा हा शेवटचा सामना. त्या अख्ख्या अर्ध्या डावात हजारो लोक एकसुरात त्याचे नाव घेत राहिले. संघ हरताना दिसत होता, तरी घोषणा धावांसाठी नव्हती. नऊ वर्षे साथ दिलेल्या एका माणसाला निरोप देण्यासाठी होती. ओ’नीलने डोळे पुसत टोपी उंचावली. त्याच प्रेक्षकांना माजोरडे म्हणायला जीभ धजावत नाही.

मग खरे काय? या प्रश्नाचे उत्तर विजयाच्या वर्षांत शोधले जाते, तिथेच घोटाळा होतो. संघ जिंकत असताना निष्ठावंत आणि गर्विष्ठ बाहेरून सारखेच दिसतात. दोघांच्या अंगावर तोच पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, दोघांच्या तोंडी तीच आकडेवारी, दोघांचा आवाज तेवढाच मोठा. विजय दोघांनाही झाकून टाकतो. त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याचे काम फक्त पराभव करू शकतो. म्हणून या वादाचा निकाल लावायचा तर हरण्याच्या हंगामांचे दप्तर उघडावे लागते. ते उघडले तर फिर्यादी आणि आरोपी दोघांनाही खाली पाहावे लागेल अशा नोंदी त्यात आहेत.

पहिली नोंद न्यूयॉर्कचीच. १९६० ते १९६४ अशी सलग पाच वर्षे यँकीज अमेरिकन लीग जिंकून वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले होते. त्यानंतर दोन वर्षांत डोलारा कोसळला. मिकी मॅन्टल जायबंदी, इतर तारे थकलेले, नव्या दमाचे खेळाडू नाहीत. १९६६ मध्ये संघ दहा संघांच्या लीगमध्ये दहावा आला. २२ सप्टेंबर १९६६, गुरुवार. पासष्ट हजारांहून अधिक लोक मावतील अशा त्या मैदानावर तिकीट काढून आलेल्यांची संख्या होती ४१३. समालोचक रेड बार्बर यांनी कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून फिरवायला सांगितला. नियंत्रण कक्षातून नकार आला. तेव्हा बार्बर यांनी श्रोत्यांना शब्दांतच सांगितले की आजची बातमी खेळ नसून ही रिकामी गॅलरी आहे. थोड्याच दिवसांत त्यांना कराराचे नूतनीकरण होणार नसल्याचे कळवण्यात आले. असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण न्यूयॉर्कच्या त्या दुपारी आकड्यात उतरली.

याहून बोलकी नोंद त्याआधीची, जिंकत्या वर्षाची आहे. १९६४ मध्ये यँकीजनी लीग जिंकली आणि त्यांच्या मैदानावर वर्षभरात सुमारे १३ लाख प्रेक्षक आले. त्याच शहरातला, अवघ्या तीन हंगामांचा न्यूयॉर्क मेट्स हा संघ त्या वर्षी १०९ सामने हरून तळाला राहिला. त्याच्या मैदानावर १७ लाखांहून अधिक लोक आले. शेजारी जागतिक प्रदर्शन भरले होते, मैदान कोरे करकरीत होते, हे खरे. पण मोठे कारण सात वर्षे मागचे होते. १९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले. शहरात एकटे यँकीज उरले, तरी पोरक्या झालेल्या त्या चाहत्यांनी यँकीजचा उंबरा ओलांडला नाही. ते थांबले आणि मेट्स आल्यावर त्यांच्या मागे उभे राहिले. संघाने लोकांना काय दिले होते, हा प्रश्न त्यांच्या लेखी संघाने किती जिंकले यापेक्षा मोठा होता. निष्ठा विजयातून उगवत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला सापडणे कठीण.

म्हणजे माज न्यूयॉर्कचा आणि निष्ठा बोस्टनची, असे म्हणून मोकळे व्हावे काय? बोस्टनच्या रेड सॉक्सच्या चाहत्यांना वर्षानुवर्षे हेच ऐकायला आवडले. बेब रूथला त्यांच्या मालकाने १९१९ च्या अखेरीस यँकीजना विकले. १९१८ नंतर ८६ वर्षे अजिंक्यपद नाही, आणि तरी आम्ही सोडून गेलो नाही, अशी ही कथा. दप्तर मात्र निराळे सांगते. २८ सप्टेंबर १९६० रोजी टेड विल्यम्स फेनवे पार्कवर शेवटचा सामना खेळला. अनेकांच्या मते बेसबॉलमधला सर्वश्रेष्ठ फलंदाज, एकाच शहरासाठी आयुष्यभर खेळलेला. शेवटच्या फटक्यावर त्याने चेंडू कुंपणापार धाडून होमरन मारली. ती पाहायला १०,४५४ लोक होते, मैदानाच्या क्षमतेच्या एक तृतीयांशही नाहीत. १९६५ मध्ये संघ शंभर सामने हरला आणि सप्टेंबरमधल्या एका सामन्याला फक्त ४०९ जण आले. न्यूयॉर्कच्या ४१३ पेक्षा चार कमी. वर्षभरात मिळून साडेसहा लाख. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, संघाने अनपेक्षितपणे लीग जिंकली आणि प्रेक्षकसंख्या १७ लाखांच्या वर गेली. ८६ वर्षांच्या तपश्चर्येत अशीही बरीच वर्षे होती, जेव्हा आश्रम ओस पडला होता.

२००४ मध्ये रेड सॉक्सनी यँकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून मालिका ४-३ ने फिरवली. मेजर लीगच्या इतिहासात असे तोवर कुणी केले नव्हते. मग वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे २००७, २०१३ आणि २०१८ मध्येही जिंकली. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. सुनेच्या हाती किल्ल्या आल्या आणि सासूचे सारे गुण दिसू लागले. परगावच्या मैदानांवर लाल टोप्यांची गर्दी, संघाच्या नावाने पैसे भरून मिळणारे ‘राष्ट्रा’चे सदस्यत्व, आणि ज्यांना १९८६ चा वर्ल्ड सिरीजमधला पराभव आठवत नाही अशांच्या तोंडी ८६ वर्षांच्या वनवासाचा हिशोब. तोवर यँकीजना लावली जाणारी विशेषणे देशभरातून बोस्टनलाही लागू लागली. एका पिढीच्या आतच हे घडले. माणसे तीच, शहर तेच. बदलले होते फक्त गुणतक्त्यातले स्थान. माज हा एखाद्या गावाच्या पाण्याचा गुण असता तर असे झाले नसते.

या घडामोडीचे स्पष्टीकरण मानसशास्त्राने बऱ्याच आधी दिले आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर सोमवारी वर्गात विद्यापीठाचे चिन्ह असलेले कपडे अधिक विद्यार्थी घालून येत. जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’ असे बोलणारे हरल्यावर ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे झुकत. दुसऱ्याच्या प्रकाशात स्वतः उजळून घेण्याची ही रीत. १९९० मध्ये डॅनियल वान आणि नायला ब्रॅन्सकोंब यांनी त्यातला भेद दाखवला. ज्यांची संघाशी ओळख पक्की असते ते विजयात इतरांइतकेच, किंबहुना जास्तच न्हाऊन घेतात. पण पराभवानंतर अंग काढून घेत नाहीत. ज्यांचे नाते पातळ ते पहिल्या धक्क्याला दूर होतात. म्हणजे प्रत्येक विजयी संघाभोवती दोन वर्तुळे असतात : आतला गाभा आणि बाहेरची गर्दी. जिंकत्या वर्षी गर्दी फुगते, गाभा तेवढाच राहतो. रस्त्यावर, उपनगरी गाडीत, कचेरीत परक्या माणसाला भेटतो तो बहुधा गर्दीतला असतो. त्यावरून तो साऱ्या चाहत्यांची पारख करतो.

गर्दी गाभ्यापेक्षा उद्धट का असते, याचे कारण बेसबॉलच्या रचनेतच दडलेले आहे. हा रोज खेळला जाणारा खेळ आहे. मेजर लीगचा प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. दहापैकी तीन वेळा फटका साधणारा फलंदाज इथे थोर गणला जातो, म्हणजे थोर फलंदाजही दहापैकी सात वेळा हात हलवत परततो. १९९८ चा यँकीज संघ इतिहासातल्या सर्वोत्तम संघांत मोजला जातो. त्याने ११४ सामने जिंकले आणि ४८ गमावले. एप्रिलपासून रोज रात्री रेडिओ किंवा दूरचित्रवाणी लावून बसणाऱ्याने त्या सोनेरी वर्षातही ४८ वेळा पराभव पचवला. पावसाने लांबलेले सामने, शेवटच्या डावात हातचे गेलेले सामने, चुकीच्या वेळी सुटलेले झेल हे सगळे त्याने पाहिले. अशा माणसाच्या बोलण्यात आपोआप एक सावधपणा येतो. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजपुरता टोपी विकत घेऊन येणाऱ्याने यातले काहीच पाहिलेले नसते. त्याच्या हिशोबी विजय हा शेवटचा निकाल असतो, सहा महिन्यांची मजुरी नसते. उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्याला रात्र किती लांब होती हे सांगूनही कळत नाही.

पण सारा दोष गर्दीवर टाकणेही बरोबर नाही. माज अंगी मुरतो त्यात क्लबचाही हात असतो. जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी १९७३ मध्ये सुमारे एक कोटी डॉलरना यँकीज विकत घेतले. आदल्या वर्षी प्रेक्षकसंख्या दहा लाखांच्याही खाली गेली होती. पुढे खेळाडूंना करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जाण्याची मुभा मिळाली आणि स्टाइनब्रेनर यांनी तिजोरी उघडली. अजिंक्यपद मिळाले नाही तर हंगाम वाया, ही मालकाची वृत्ती हळूहळू प्रेक्षकांची झाली. २००२ च्या डिसेंबरमध्ये क्युबाचा एक पिचर यँकीजनी पळवला, तेव्हा रेड सॉक्सचे अध्यक्ष लॅरी लुकिनो यांनी त्यांना ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटले. दुसरा क्लब रागावला असता. यँकीजच्या मैदानावर ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायकाचे संचलनगीत वाजू लागले. पुढे एका कंपनीने ‘बेसबॉलचे दुष्ट साम्राज्य’ हे शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला घेतले, तेव्हा यँकीजनी हरकत घेतली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापारचिन्ह मंडळाने ती मान्य केली. लोकांच्या मनात हे नाव यँकीजशी जोडलेले आहे आणि क्लबनेही ते एका परीने स्वीकारले आहे, असा निष्कर्ष निघाला. शिवीचे बोधचिन्ह झाले. ज्या घरात मिजास दुकानात मांडून विकली जाते, तिथले गिऱ्हाईक नम्र कसे निघणार?

हा व्यवहार २००९ मध्ये सर्वांना दिसला. आदल्या डिसेंबरात यँकीजनी तीन खेळाडूंवर मिळून ४२ कोटी डॉलरहून अधिक रकमेचे करार केले होते. नवे मैदान उभे राहिले. त्यात अगदी पुढच्या खुर्चीचा एका सामन्याचा दर होता २,५०० डॉलर. एप्रिलमध्ये दूरचित्रवाणीवर त्या महागड्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या आणि क्लबला त्यांतल्या काहींचे दर निम्मे करावे लागले. त्याच वेळी मागच्या स्वस्त बाकांवर नेहमीचे लोक हजर होते. सामना सुरू होताच मैदानावरच्या एकेका खेळाडूचे नाव पुकारायचे आणि त्याने हात केल्याशिवाय थांबायचे नाही, ही त्यांची जुनी रीत नव्या मैदानातही चालू राहिली. त्या वर्षी यँकीज अजिंक्य ठरले. पडद्यावर कॅमेरा दाखवत होता तो पुढच्या रांगा. एखाद्या संघाच्या चाहत्यांचे चारित्र्य ठरवताना आपण नेमक्या कुठल्या रांगेकडे पाहतो, हे म्हणून तपासायला हवे.

ताठ्याची खरी कसोटी मात्र विरोधकाशी होणाऱ्या वागण्यात नाही, स्वतःच्या खेळाडूशी होणाऱ्या वागण्यात आहे. १९६१ मध्ये रॉजर मॅरिस बेब रूथचा ६० होमरनचा विक्रम मोडायला निघाला. तो यँकीजचाच होता; तरी घरच्या प्रेक्षकांनी त्याची अनेकदा हुर्यो उडवली, कारण हा मान त्यांना मिकी मॅन्टलला द्यायचा होता. १ ऑक्टोबरला मॅरिसने ६१ वी होमरन मारली ती पाहायला २३,१५४ लोक होते, मैदानाचे दोन तृतीयांश बाक रिकामे. २०२२ मध्ये ॲरन जजने ६२ होमरन मारून मॅरिसचा लीगमधला विक्रम मागे टाकला आणि दोनच आठवड्यांत, बाद फेरीतल्या अपयशानंतर, घरच्या मैदानावर त्याचीही हुर्यो उडाली. विरोधकाला चिडवणे ही खेळातली मस्करी म्हणून सोडून देता येते. आपल्याच माणसाला दोन वाईट दिवसही न देणे यात विजय हा आपला वारसाहक्क असल्याची समजूत आहे, आणि माज म्हणतात तो हाच.

मराठी वाचकाला यासाठी न्यूयॉर्कला जायची गरज नाही. पाच वेळा आयपीएल जिंकलेल्या मुंबई इंडियन्सने २०२४ मध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केले, तेव्हा वानखेडेवर घरच्याच कर्णधाराची अशी हुर्यो उडाली की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावे लागले. संघ तळाला राहिला. जुलैमध्ये भारत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आला आणि त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. रोहितवरचे प्रेम खरे होते, यात शंका नाही. पण त्या प्रेमाचा दंड दुसऱ्या खेळाडूला भरावा लागला.

ताठ्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो ओळखायला अधिक अवघड आहे : आपल्या निष्ठेचाच ताठा. त्यासाठी सेंट लुईसकडे पाहावे. जेमतेम तीन लाख वस्तीच्या या शहराच्या कार्डिनल्सना २००४ ते २०१९ दरम्यान दरवर्षी ३० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. त्याचे मूळ रेडिओत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सेंट लुईस हे मेजर लीगचे सर्वांत पश्चिमेचे आणि सर्वांत दक्षिणेचे ठाणे होते. केएमओएक्स या पन्नास हजार वॅटच्या केंद्रावरून सामन्यांचे वर्णन रात्री कैक राज्यांत ऐकू जाई, आणि जिथे जवळ दुसरा संघच नव्हता अशा खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांचा हा पिढीजात संघ झाला. हे प्रेक्षक विरोधकाच्याही चांगल्या खेळाला टाळ्या देतात, अशी त्यांची ख्याती आहे आणि ती पोकळ नाही. २०११ नंतर अधिक पैशांसाठी संघ सोडून गेलेला ॲल्बर्ट पुहोल्स २०१९ मध्ये पाहुण्या संघाकडून खेळायला आला. त्याने यजमानांविरुद्धच होमरन मारली, तरी लोकांनी उभे राहून त्याला पुन्हा मैदानात बोलावून घेतले.

अडचण झाली ती या चांगुलपणाची पाटी गळ्यात अडकवल्यावर. ‘बेसबॉलमधले सर्वोत्तम चाहते’ हे बिरुद आधी इतरांनी दिले, मग क्लबने आणि चाहत्यांनी ते स्वतःच मिरवले. आमची खेळण्याची रीत म्हणजे खेळाचा धर्म, असा सूर लागला. ऑक्टोबर २०१४ मध्ये शहराजवळच्या फर्ग्युसनमधल्या पोलीस गोळीबाराचा निषेध करणारे लोक मैदानाबाहेर उभे राहिले, तेव्हा काही समर्थकांनी त्यांना उद्देशून वर्णद्वेषी शेरेबाजी केली आणि ती चित्रीकरणात पकडली गेली. ह्यूस्टन संघाच्या संगणकात चोरून शिरल्याबद्दल कार्डिनल्सच्या एका माजी अधिकाऱ्याला २०१६ मध्ये तुरुंगवास झाला आणि पुढच्या वर्षी क्लबला वीस लाख डॉलर भरावे लागले. देशभरात तेव्हा जो आनंद व्यक्त झाला, तो विजयावरच्या मत्सरापोटी नव्हता. सोवळ्यात वावरणाऱ्याचा पाय चिखलात पडल्याचा होता. मात्र दप्तरातली नोंद त्यांच्या बाजूने बोलते, हेही मान्य केले पाहिजे. २०२३ मध्ये संघ गटात तळाला गेला, तरी ३२ लाख लोक आले. मरगळ लांबत गेली तशी २०२५ मध्ये ही संख्या साडेबावीस लाखांच्या आसपास आली. घट मोठी आहे, पण ४१३ पासून ती फार दूर आहे.

हरणाऱ्यांचे चाहते आपोआप सज्जन ठरतात, हा समजही इथेच निकाली काढावा. शिकागो कब्ज १९०८ नंतर शतकभर जिंकले नव्हते आणि त्यांच्या चाहत्यांची सोशिकता दंतकथा बनली होती. १४ ऑक्टोबर २००३ रोजी वर्ल्ड सिरीज पाच बळींवर आली असताना कुंपणाजवळ येणारा चेंडू पकडायला अनेक प्रेक्षकांनी हात पुढे केले, त्यांतल्या एकाचा हात चेंडूला लागला आणि झेल हुकला. पुढे संघाने स्वतःच्या चुकांनी आठ धावा दिल्या. पण राग निघाला त्या एका माणसावर. बिअर अंगावर फेकली गेली, त्याला संरक्षणात बाहेर न्यावे लागले, पुढची कित्येक वर्षे त्याने चारचौघांत तोंड दाखवले नाही. तो स्वतः कब्जचा आजन्म चाहता होता. २०१६ मध्ये संघ अखेर जिंकला आणि क्लबने पुढच्या वर्षी त्याला अजिंक्यपदाची अंगठी दिली. दुसऱ्याच्या पराभवात सुख मानणे ही तर कुठल्याच एका गावाची मक्तेदारी नाही. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ मीना चिकारा आणि सहकाऱ्यांनी यँकीज व रेड सॉक्सच्या चाहत्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. प्रतिस्पर्धी संघ तिसऱ्याच संघाकडून हरला, तरी मेंदूतले सुखाचे केंद्र जागे होत होते. ते जितके जागे, तितकी प्रतिस्पर्ध्याच्या चाहत्याला इजा करण्याची कबुली अधिक. दोन्ही गावांत हे सारखेच दिसले.

निष्ठेलाही मर्यादा असावी, हे ओकलंड शिकवते. तिथल्या ॲथलेटिक्सनी १९७२ ते १९७४ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली, पण मालकाला गावाविषयी आस्था नव्हती आणि गावाला ते कळत होते. तिसऱ्या विजयाच्या वर्षी साडेआठ लाखही प्रेक्षक आले नाहीत. पन्नास वर्षांनी उलट घडले. दुसऱ्या मालकाने संघ मोडकळीस आणून गाव सोडायचे ठरवले. जून २०२३ मध्ये एका मंगळवारी २७ हजारांहून अधिक लोक मुद्दाम मैदानात आले; दोष आमचा नाही, तुमचा आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते. २०२४ च्या हंगामानंतर संघ गेलाच. अशा वेळी तिकीट न काढणाऱ्याला बेइमान म्हणता येत नाही. चाहता हा ग्राहक नाही हे खरे, तसा तो वेठबिगारही नाही. वाईट वर्षी घरी बसणे हा त्याचा हक्क आहे. मात्र तो बजावणाऱ्याने चांगल्या वर्षी त्यागाची भाषा बोलू नये.

आज हा आरोप लॉस एंजलिसला जाऊन पोहोचला आहे. डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ ची वर्ल्ड सिरीज लागोपाठ जिंकली. शोहेई ओहतानीशी त्यांचा ७० कोटी डॉलरचा करार आहे. २०२५ मध्ये त्यांच्या मैदानावर ४० लाखांहून अधिक लोक आले. निळ्या टोप्यांना आता ‘दुष्ट साम्राज्या’चे टोमणे ऐकावे लागतात. त्यांच्या बाजूने एवढे नोंदवायला हवे, की १९८८ ते २०२० या ३२ वर्षांच्या दुष्काळातही ते मैदान बहुतेक वर्षी भरलेले असे. पण त्या काळात संघ क्वचितच तळाला गेला. खरी परीक्षा अजून व्हायची आहे.

तोवर इतरांनी निकाल देण्याची घाई करू नये आणि चाहत्यांनीही स्वतःला प्रशस्तिपत्र देऊ नये. आपल्या खेळाडूचा पडता काळ कुणी कसा सांभाळला, पाहुण्याचा मान कुणी राखला आणि संघ शेवटच्या क्रमांकावर असताना सप्टेंबरातल्या एखाद्या गुरुवारी कोण आले, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यांना ज्याच्याकडे उत्तर आहे त्याने खुशाल मिरवावे. त्याच्या मिरवण्याला माज म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्याकडे नाही, त्यानेही आनंद लुटावा, खेळ सर्वांचाच आहे. त्याने फक्त २७ झेंड्यांच्या हिशोबात स्वतःचा वाटा मागू नये.